गाठीच्या वाटेनं: मेस्सिना ते व्हेनिस, सात दिवस

पहिला दिवस, सोमवार: मेस्सिना

मेस्सिनाच्या बंदराचा आकार विळ्यासारखा आहे. जमिनीची एक चिंचोळी पट्टी समुद्रात शिरते, गोल वळते आणि आतलं शांत पाणी कुशीत धरून ठेवते. ग्रीकांनी म्हणूनच या गावाला 'झांक्ले', म्हणजे विळा, असं नाव दिलं होतं. पट्टीच्या टोकाला उंच खांबावर मादोन्नाचा, म्हणजे येशूच्या आईचा, सोनेरी पुतळा उभा आहे, येणाऱ्या प्रत्येक जहाजाला आशीर्वाद देणारा. पुतळा विसाव्या शतकातला. पाणी मात्र तेच. ऑक्टोबर १३४७ मध्ये जिनोआच्या व्यापाऱ्यांची बारा गलबतं या पाण्यात शिरली आणि त्यांच्याबरोबर प्लेग सिसिलीत उतरला.

मीही मुद्दाम ऑक्टोबरातच आले. मिरजेत छत्तीस वर्षं प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसण्यात गेली. ज्या जंतूनं युरोपातली तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं नेली, त्याच्या वाटेनं एकदा जायचं, हे निवृत्तीच्या आधीच ठरवलं होतं. बोलोन्यात शिकणारी भाची रजा काढून बरोबर आलीय. इटालियन तिचं, वही माझी.

दुसरं कारण घरातलं. आमच्याकडे एक 'गाठीचं साल' होतं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात, आणि मग कित्येक वर्षं तो गावोगाव फिरत राहिला. आमचं साल नेमकं कोणतं, ते आजीलाही सांगता यायचं नाही. ती एवढंच सांगायची, की घरात उंदीर पडला की भांडीकुंडी जिथल्या तिथे टाकून गाव माळावर झोपड्यांत राहायला जायचा. पणजोबांची पहिली तीन मुलं त्या झोपडीत गेली. कुलवृत्तांतात पणजोबांच्या नावाखाली एक ओळ छापलीय: 'तीन अपत्ये साथीत निवर्तली.' आजोबा त्यानंतरचे. म्हणजे आम्ही सगळेच त्यानंतरचे.

मेस्सिनात चौदाव्या शतकातलं फारसं काही शिल्लक नाही. २८ डिसेंबर १९०८ च्या भूकंपानं गाव मुळापासून उखडलं आणि आज दिसते ती फेरबांधणी. मला गाव बघायचं नव्हतंच, पाणी बघायचं होतं. सकाळी आम्ही दोघी धक्क्यावर जाऊन बसलो. समोर इटलीच्या मुख्य भूमीचा, कालाब्रियाचा, किनारा इतका जवळ, की तिकडच्या घरांच्या खिडक्या मोजाव्यात.

मिकेले दा पियाझ्झा नावाच्या फ्रान्सिस्कन साधूनं त्या दिवसांची हकीकत लिहून ठेवली आहे. खलाशी आजारी होते, त्यांच्याशी नुसतं बोललेली माणसंही आजारी पडू लागली. गावकऱ्यांनी गलबतं हाकलून दिली, पण तोवर उशीर झाला होता. मग बाप मुलाजवळ जाईना, मृत्युपत्र लिहायला लेखनिक मिळेना, अखेरचा पापनिवेदनाचा विधी करायला पाद्री येईना. लोक कातानियाकडे पळाले. तिथल्यांनी त्यांना वेशीत घ्यायला कुरकुर केली. मेस्सिनाच्या लोकांनी संत अगाथाच्या अस्थी आपल्या गावात नेण्यासाठी मागितल्या, तर कातानियाकरांनी देवळाच्या किल्ल्याच काढून घेतल्या. शेवटी तिथल्या धर्मगुरूनं अस्थी पाण्यात बुडवल्या आणि ते पाणी घेऊन तो स्वतः मेस्सिनाला गेला. तोही प्लेगनंच वारला. मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडणारी माणसं आजीच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकली आहेत, की या माणसांना मी अडाणी म्हणू शकत नाही.

गलबतं आली होती काळ्या समुद्राकडून. तिथे क्रिमियात काफा नावाचं जिनोआकरांचं व्यापारी ठाणं होतं आणि १३४६ मध्ये जानी बेगच्या मोंगोल फौजेचा त्याला वेढा पडला होता. फौजेत प्लेग पसरला, तेव्हा त्यांनी मढी गोफणयंत्रानं तटाच्या आत भिरकावली, असं पियाचेन्झाच्या गाब्रिएले दे मुस्सीनं लिहिलं आहे. ही गोष्ट जगभर सांगतात. पण तो बहुधा तिथे नव्हताच, आणि जंतू ओळखणारी बाई म्हणून मला तिची गरजही वाटत नाही. तटाला जिथे माणसाचा हात शिरत नाही तिथून उंदीर शिरतो.

आणि काफाही सुरुवात नाही. किर्गिझस्तानात इसिक-कुल सरोवराजवळच्या जुन्या दफनभूमीत १३३८-३९ या दोनच वर्षांची थडगी एकाएकी खूप वाढलेली दिसतात, आणि काहींच्या दगडांवर 'साथीनं मेला' असं सिरियाक लिपीत कोरलेलं आहे. २०२२ मध्ये तिथल्या सांगाड्यांच्या दातांतून प्लेगच्या जंतूचा डीएनए मिळाला. पावणेसातशे वर्षं दातात टिकून राहिलेला पुरावा! ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

दुसरा दिवस, मंगळवार: गाडी, बोट, पुन्हा गाडी

काल रात्री मेस्सिनात रोमची गाडी पकडली. ही गाडी समुद्र ओलांडते ती बोटीत बसून. डबे तोडून तुकड्या-तुकड्यांनी जहाजाच्या पोटातल्या रुळांवर चढवतात. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज, धक्के, मग अचानक शांतता आणि खालून इंजिनाची घरघर. आम्ही जिना चढून वर डेकवर गेलो. मेस्सिनाचे दिवे मागे सरकत होते. प्लेगला हे एवढंसं पाणी ओलांडायला फार वेळ लागला नसणार.

झोप नव्हतीच. भाचीनं विचारलं, "मावशी, पण नक्की होतं काय गं? आम्हाला शाळेत नुसतं 'उंदरांमुळे' एवढंच शिकवलं."

मी तिला सांगितलं ते इथे लिहून ठेवते. जंतूचं नाव येर्सिनिया पेस्टिस. अलेक्झांडर येर्सिननं तो १८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीत शोधला. रंग देऊन काचपट्टीवर पाहिला तर दोन्ही टोकांना गडद आणि मधे फिका दिसतो, मिटलेल्या सेफ्टी पिनेसारखा. हा मुळात उंदरा-घुशींचा आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवांचा रोग. पिसवेच्या पोटाच्या तोंडाशी जंतूंचा बोळा बसतो. प्यालेलं रक्त आत उतरत नाही, तिची भूक भागत नाही, मग ती वेड्यासारखी चावत सुटते, आणि प्रत्येक चाव्यात अडकलेलं रक्त जंतूंसकट परत सोडते. उंदीर मेला आणि गार पडला, की पिसवा दुसरं ऊबदार अंग शोधतात. 'उंदीर पडला की घर सोडा' हे आजीच्या पिढीनं अनुभवानं ओळखलं होतं. पिसवेचा हा दुवा पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवला, तेव्हा मोठमोठ्या डॉक्टरांनी त्यांना उडवून लावलं. मध्ययुगातला प्लेग ज्या वेगानं पसरला तो उंदरांच्या पिसवांना झेपला असता का, की माणसांच्या पिसवा आणि उवाही त्यात होत्या, यावर अजून वाद चालू आहे. वेग होताच तसा. १३४७ च्या अखेरीला मार्सेय, १३४८ च्या जानेवारीत जिनोआ आणि व्हेनिस, त्याच वर्षी पॅरिस आणि लंडन, १३४९ मध्ये नॉर्वे, आणि फिरून फिरून १३५३ च्या सुमारास मॉस्को.

चावल्यापासून दोन ते सहा दिवसांत ताप, आणि जांघेत, काखेत नाहीतर मानेत गाठ. औषध नसेल तर निम्म्याहून अधिक रोगी दगावतात. जंतू फुप्फुसात गेला तर खोकल्यातून माणसाकडून माणसाला, आणि मग औषधावाचून बहुतेक कोणी वाचत नाही. आज साध्या, स्वस्त प्रतिजैविकांनी हा रोग बरा होतो. १९९४ मध्ये आधी बीड जिल्ह्यातलं मामला आणि मग सुरत यांची नावं बातम्यांत आली, तेव्हा औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन एका दिवसात नाहीसं झालं होतं. त्या आठवड्यात प्रयोगशाळेत आम्ही एकमेकींच्या चेहऱ्याकडे कसं बघत होतो, ते मला अजून दिसतं.

रोमच्या अलीकडे उजाडलं. भाचीनं ज्यूंबद्दल विचारलं. विहिरीत विष कालवलं असा आळ घेऊन ठिकठिकाणी ज्यूंना मारलं. १४ फेब्रुवारी १३४९ रोजी स्ट्रासबुर्गमध्ये त्यांना जिवंत जाळलं, आणि तेव्हा त्या गावात प्लेग अजून पोचलाही नव्हता. ज्यूसुद्धा याच रोगानं मरताहेत, मग ते विष कसं कालवतील, असं पोप क्लेमंट सहावा याने १३४८ मध्ये आज्ञापत्र काढून सांगितलं होतं. कोणी ऐकलं नाही. इथे जंतूला काही बोल लावता येत नाही, हे माणसांनीच केलं.

तिसरा दिवस, बुधवार: फ्लॉरेन्स

फ्लॉरेन्सच्या स्टेशनासमोरच सांता मारिया नोव्हेल्ला. बोकाच्चोच्या 'डेकामेरॉन' या गोष्टींच्या पुस्तकातली सात तरुणी आणि तीन तरुण प्लेगपासून पळून जायचं ठरवतात ते याच देवळात. तिथे गर्दी फार होती. आम्ही अर्ध्या तासात बाहेर पडलो आणि ओर्सानमिकेलेला गेलो. माझ्या मते फ्लॉरेन्समध्ये प्लेग बघायचा तर तिथेच.

हे मूळचं धान्याचं कोठार, खाली बाजार आणि वर साठा. देवळाच्या अंगानं तिथे मादोन्नाचं एक चित्र होतं. बेर्नार्दो दाद्दी या चित्रकारानं १३४७ मध्ये ते नव्यानं रंगवलं. मांडीवरचं बाळ आईच्या गालाला हात लावतंय. पुढच्याच वर्षी, प्लेगच्या सालात, दाद्दी गेला. मरणाऱ्या माणसांनी आपली मालमत्ता या चित्राची देखभाल करणाऱ्या मंडळाच्या नावे केली, कारण ज्यांच्या नावे करायची ते वारस आधीच गेले होते. मात्तेओ व्हिल्लानी या बखरकारानं तो आकडा साडेतीन लाख फ्लोरिनांहून, म्हणजे सोन्याच्या नाण्यांहून, अधिक सांगितला आहे. त्या काळातच ओर्कान्या या शिल्पकाराकडून चित्राभोवती संगमरवरी देव्हारा बांधून घेतला, तो १३५९ मध्ये पुरा झाला. मी जवळ जाऊन पाहिलं. निळ्या आणि सोनेरी काचेचे नखाएवढे तुकडे संगमरवरात एकेक करून बसवलेत. नजर हटत नाही. प्रत्येक तुकडा निर्वंश झालेल्या कुठल्या तरी घराच्या पैशाचा आहे, हे एकदा कळल्यावर मग नीट बघवतही नाही.

मात्तेओ बखर लिहीत होता ती त्याच्या मोठ्या भावाची, जोव्हान्नी व्हिल्लानीची. जोव्हान्नीनं प्लेगबद्दल लिहिताना 'ही साथ अमुक दिवसापर्यंत टिकली' अशा अर्थाचं वाक्य लिहिलं आणि 'अमुक'च्या जागी कोरी जागा सोडली. तारीख नंतर भरायची होती. ती भरण्याआधीच १३४८ मध्ये प्लेगनं त्याला नेलं. मात्तेओनं बखर पुढे नेली आणि १३६३ च्या प्लेगमध्ये तोही गेला. प्लेग एकदा येऊन गेला, असं नसतंच. तो दर दहा-पंधरा वर्षांनी परत येत राहिला.

दुपारी जेवायला बसलो. फळ्यावर लझान्या होता आणि भाची तो मागवणार होती. तेव्हाच मी नको ते बोलले. मार्किओने स्तेफानी नावाच्या फ्लॉरेन्सकरानं लिहून ठेवलंय: देवळांच्या आवारात पाणी लागेपर्यंत खोल खड्डे खणले, रात्रीत मेलेल्यांचा एक थर, वर थोडी माती, दुसऱ्या दिवशी त्यावर पुढचा थर, जसा लझान्यात पीठ आणि चीजचा एकावर एक थर देतात तसा. स्वयंपाकघरातली उपमा आहे म्हणूनच ती अंगावर येते. त्या माणसानं ते थर लहानपणी पाहिले असावेत. भाचीनं मुकाट्यानं भाजी-पावाचं दाट सूप मागवलं.

हाच स्तेफानी मेलेल्यांचा आकडा ९६,००० देतो. बोकाच्चो तर लाखाच्या वर जातो. पण प्लेगपूर्वी शहराची सगळी वस्तीच लाखाच्या आसपास होती, आणि शहर संपलं नाही. निम्मे किंवा त्याहून अधिक गेले असावेत, असं आजचे अभ्यासक मानतात. त्या जुन्या आकड्यांना मी खोटे म्हणणार नाही. ज्याच्या गल्लीत दोनच दारं उघडी राहिली, त्याला शहर मेलं असंच वाटणार.

संध्याकाळी दुओमोच्या, म्हणजे मुख्य देवळाच्या, चौकात, घंटाघरासमोर, 'मिझेरिकोर्दिया'चं दार लागलं. आजाऱ्यांना उचलून नेणारी, बेवारस मढ्यांना मूठमाती देणारी ही संस्था परंपरेप्रमाणे १२४४ सालची. आजही ती रुग्णवाहिका चालवते. आम्ही उभ्या असतानाच एक गाडी निघाली. आत दोन स्वयंसेवक, एक मुलगी जेमतेम विशीची, केस घाईघाईनं बांधत होती. पर्यटक बाजूला झाले आणि गाडी गेली. ते दार मी बराच वेळ बघत राहिले.

चौथा दिवस, गुरुवार: सिएना

बस टस्कनीच्या टेकड्यांमधून सिएनाला आली. या गावाबद्दल मी खूप वाचलं होतं, तरी जे पाहिलं त्याची तयारी नव्हती.

सिएनाच्या मुख्य देवळाशेजारी एक प्रचंड भिंत एकटीच उभी आहे. वरच्या कमानीतून आभाळ दिसतं. तिला 'फाच्चातोने', म्हणजे मोठा दर्शनी भाग, म्हणतात. १३३९ मध्ये सिएनाच्या लोकांनी ठरवलं, की आहे ते देऊळ पुरेसं नाही. फ्लॉरेन्सला मागे टाकायचं होतं. असं देऊळ बांधायचं, की आत्ताचं अख्खं देऊळ त्याचा फक्त आडवा भाग होईल. काम सुरू झालं, खांब उभे राहिले, कमानी चढल्या. १३४८ मध्ये प्लेग आला. गवंडी मेले, पैसे देणारे मेले, हट्ट धरणारे मेले. पाया आणि बांधकामही कच्चं निघालं होतं, त्यामुळे दोष सगळा प्लेगचा नाही. १३५७ मध्ये तर धोक्याचा भाग उतरवूनही टाकला. पण ज्या शहरानं हे स्वप्न पाहिलं होतं, ते पुन्हा ते काम हाती घेण्याएवढं कधी मोठं झालंच नाही.

आज त्या न झालेल्या देवळाच्या सभामंडपाचा चौक झालाय. मी जाऊन एका खांबावर हात ठेवला. काळ्या-पांढऱ्या दगडांचे पट्टे, जसे आतल्या पुऱ्या झालेल्या देवळात आहेत तसेच. फक्त इथे छप्पर नाही, आणि बुंध्याशी कोणी तरी स्कूटर लावून ठेवली होती. चिंचोळ्या गोल जिन्यानं भिंतीच्या माथ्यावर गेलो. वरून नकाशा बघावा तसं सगळं दिसलं: हे असं असायचं होतं, ते तिथवर जायचं होतं. माझ्या शेजारी एक जर्मन आजोबा उभे होते. तेही काही बोलले नाहीत.

मग पालाझ्झो पुब्लिको, नगरसभेची इमारत. तिथल्या एका दालनात आंब्रोज्यो लोरेन्झेत्तीनं १३३८-३९ मध्ये चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराची चित्रं भिंतभर काढली आहेत. चांगल्या राज्याचं शहर म्हणजे सिएनाच. रस्त्यात फेर धरून नाचणारी माणसं, चपलांचं दुकान, शिकवत बसलेला गुरुजी, लादलेली गाढवं, वेशीतून डुक्कर हाकत येणारा शेतकरी. आणि उंचावर, परांचीवर उभे राहून भिंत रचणारे गवंडी. एक जण खाली वाकून सामान घेतोय. त्याच्याकडे मी किती वेळ बघत होते, सांगता येत नाही. ही सगळी माणसं नऊ-दहा वर्षांनी प्लेगच्या तोंडी जाणार होती. काढणारा हातसुद्धा. ९ जून १३४८ रोजी आंब्रोज्योनं मृत्युपत्र केलं, आणि बायको व तिन्ही मुली मेल्या तर मालमत्ता कोणाकडे जावी तेही त्यात लिहिलं. त्यानंतर त्याचा मागमूस नाही. त्याचा भाऊ पिएत्रो, तोही मोठा चित्रकार, त्याच सुमारास कागदपत्रांतून नाहीसा होतो.

सिएनाचा बखरकार आन्योलो दी तुरा. लोक त्याला 'जाड्या' म्हणत, आणि त्यानं स्वतःच तसं लिहिलंय. सगळ्या प्लेगच्या लिखाणात मला सर्वांत जवळचा वाटतो तो हा. तो सांगतो, कुणासाठी घंटा वाजत नव्हती, कोणी रडत नव्हतं, कारण ज्याला-त्याला आपलंच मरण दिसत होतं. काहींना इतकी पातळ माती मिळाली, की कुत्र्यांनी त्यांना उकरून गावभर ओढलं. आणि याच ओघात, वेगळा परिच्छेदही न पाडता, तो लिहून जातो, की मी आन्योलो दी तुरा, माझी पाच मुलं मी माझ्या हातांनी पुरली.

एवढंच. मुलांची नावं नाहीत, वयं नाहीत. लिहिणाऱ्याला ती लिहिवली नसतील, का लिहायची गरजच वाटली नसेल, कारण बापाला नावं कोण विचारणार?

संध्याकाळी काम्पोच्या, म्हणजे गावाच्या मुख्य चौकाच्या, उतरत्या विटांवर बसलो होतो. भाची म्हणाली, "मावशी, आपल्या त्या तिघांची नावं काय होती?"

मी चौसष्ट वर्षांची आहे आणि हा प्रश्न मी कधीच कोणाला विचारलेला नाही. आजीला विचारता आला असता. आईबाबांनाही. आता जुनं माणूस म्हणून एक आत्याच उरल्या आहेत, सांगलीला, एक्क्याण्णव वर्षांच्या. भारतात तेव्हा मध्यरात्र होत आली होती. मी त्यांच्या सुनेच्या फोनवर निरोप लिहून ठेवला.

पाचवा दिवस, शुक्रवार: व्हेनिसकडे

सकाळी निघण्याआधी काम्पोत मांज्या मनोऱ्याच्या पायथ्याची छोटी संगमरवरी मंडपी पाहिली. प्लेग ओसरला म्हणून नवस फेडायला १३५२ मध्ये तिचं काम सुरू केलं. मोठं देऊळ अर्धवट टाकलेल्या गावानं ही चिमुकली मंडपी मात्र बांधून काढली.

पुढे दिवसभर प्रवास. दुपारनंतर पाऊस. व्हेनिसला उतरलो तेव्हा अंधार पडला होता आणि पाण्याचा वास येत होता. आत्यांकडून अजून काही नाही.

सहावा दिवस, शनिवार: लाझ्झारेत्तो नुओव्हो

हे बेट फक्त शनिवार-रविवारी आणि तेही थंडीचे महिने सोडून बघता येतं. व्हेनिसच्या फोंदामेंते नोव्हे या धक्क्यावरून तेरा नंबरची बोट घ्यायची आणि खलाशाला आधी सांगून ठेवायचं, कारण कोणी उतरणार असेल तरच ती तिथे थांबते. उतरणाऱ्या आम्ही नऊ जण होतो.

व्हेनिसमध्ये प्लेग आला १३४८ च्या सुरुवातीला. ३० मार्चला महासभेनं तीन शहाणे गृहस्थ नेमले आणि शहराचं आरोग्य त्यांच्यावर सोपवलं. तेव्हा त्यांना जंतू ठाऊक नव्हता, पिसू ठाऊक नव्हती. दूषित हवेनं रोग होतो, असं ते मानत. मढी होड्यांतून दूरच्या बेटांवर नेली. त्यातलं सान मार्को इन बोक्कालामा हे बेट पुढे खाडीत बुडूनच गेलं. तरीही अर्ध्याच्या आसपास शहर गेलं.

पण व्हेनिस त्यातून शिकलं, आणि याचसाठी मला इथे यायचं होतं. आद्रियातिकच्या पलीकडच्या रागुसानं, म्हणजे आजच्या डुब्रोव्हनिकनं, १३७७ मध्ये साथीच्या मुलखातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर ठेवायचा कायदा केला. व्हेनिसनं १४२३ मध्ये प्लेगच्या रोग्यांसाठी एका बेटावर कायमचं रुग्णालय काढलं, ते लाझ्झारेत्तो व्हेक्यो. तिथल्या खोदकामात दीड हजाराहून जास्त सांगाडे सापडले आहेत. आणि १४६८ मध्ये हे दुसरं बेट, रोग्यांसाठी नाही, संशयितांसाठी. इथे चाळीस दिवस. 'क्वारांता' म्हणजे चाळीस. २०२० मध्ये आपल्या दारांवर ज्या शब्दाचे कागद चिकटवले होते, तो शब्द या खाडीतला आहे.

बेटाच्या मधोमध 'तेझोन ग्रांदे' नावाची शंभर मीटरहून लांब वखार आहे. पूर्वी तिच्या कमानी उघड्या असत, वारा आरपार जावा म्हणून. पूर्वेकडून आलेला माल इथे उतरायचा. लोकर आणि कापूस गासड्यांतून सोडून हमाल रोज उलटापालटा करत, आत हात घालून. ज्युनिपर आणि रोझमेरीचा धूर देत. माल बाधलेला असेल तर सर्वांत आधी हमालच मरणार, हे ठरवणाऱ्यांना ठाऊक होतं आणि हमालांनाही.

भिंतींवर त्यांनी गेरूसारख्या लाल रंगानं लिहून ठेवलंय. सोळाव्या शतकातलं. व्यापाऱ्यांची चिन्हं, जहाजांची चित्रं, कॉन्स्टँटिनोपलहून आलो, सायप्रसहून आलो, आणि नावं. वाटाड्या मुलीनं बॅटरी तिरपी धरली तेव्हा फिकट अक्षरं उठून आली. एका जागी कोणी नाव नीट, दोन्ही बाजूंना समास सोडून, सावकाश काढलं होतं. चाळीस दिवस होते त्याच्याकडे. मला भिंतीला हात लावायचा होता, लावला नाही.

बाहेर खोल्यांचे पाये दिसतात, प्रत्येक खोलीला स्वतंत्र चूल, म्हणजे एकाची भांडी दुसऱ्याला लागू नयेत. १५७५-७७ च्या मोठ्या प्लेगमध्ये हजारो संशयित इथे आणि भोवतीच्या होड्यांत होते. त्याच साथीतल्या सामूहिक थडग्यात एका म्हातारीची कवटी सापडली, तोंडात वीट कोंबलेली. मेलेली बाई कफन चावते आणि साथ पसरवते, असा समज होता. कोणाची तरी आई असलेल्या बाईच्या तोंडात वीट घालताना त्या मजुराचा हात थरथरला असेल. भीतीपुढे त्याचं काही चाललं नाही.

परतीच्या बोटीत मी पुण्याचा विचार करत होते. १८९७ मध्ये तिथेही रोगी वेगळे ठेवले, घरं तपासली. पण ते काम रँडनं गोऱ्या सोजिरांकडून करवलं. माजघरात बूट गेले, देवघरं उधळली. लोकांनी रोगी लपवले आणि प्लेग आणखी पसरला. २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. व्हेनिसचे कायदेही कडकच होते, पण रुग्णालय आपल्याच शहरानं काढलेलं होतं आणि त्याचा खर्च सरकारच्या मिठाच्या खात्यातून होई. त्याच पुण्यात सावित्रीबाई आणि डॉ. यशवंत यांनी हडपसरच्या माळावर दवाखाना काढला. मुंढव्याहून एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर टाकून तिथे आणलं. १० मार्च १८९७ रोजी त्या प्लेगनंच गेल्या. माणसाला वेगळं ठेवणं हे वैद्यकाचं काम आहे, पण त्याला उचलून तिथवर कोण आणतं, यावर सगळं अवलंबून असतं. हे मी नोकरीत पाहिलंय, करोनात पाहिलंय.

सातवा दिवस, रविवार: सान रोक्को

संत रोक्को हा प्लेगच्या रोग्यांचा संत. व्हेनिसनं त्याच्या अस्थी १४८५ मध्ये आणल्या. त्याच्या नावाच्या मंडळाची इमारत तिंतोरेत्तोच्या चित्रांसाठी प्रसिद्ध आहे आणि लोक माना वर करून छत बघत होते. मी जिन्यावरच थांबले. तिथे १६३० च्या प्लेगचं आंतोनिओ झांकीनं काढलेलं भलंमोठं चित्र आहे. दंड फुगलेली उघडी माणसं मढी उचलून खाली होडीत देताहेत. जिवंत अंगाला मेलेलं अंग चिकटलंय. पाण्याचे रस्ते असलेल्या गावात शववाहिका म्हणजे होडी, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

रोक्कोची मूर्ती कुठेही पाहा, तो अंगरखा बाजूला करून मांडीवरची गाठ दाखवत असतो. शेजारी त्याच्यासाठी पाव आणणारं कुत्रं. गाठ खरी तर जांघेत येते; देवळात दाखवायची म्हणून शिल्पकारांनी ती खाली सरकवली असावी. पिसू पायाला चावते, तिथून जंतू वर चढतो आणि जांघेतल्या लसीकाग्रंथी सुजतात. आजीही सांगताना बसल्या जागी लुगड्यावरून नेमकी तीच जागा दाखवायची. "इथे, बोराएवढी. मग लिंबाएवढी."

दुपारी बारा वाजता, आम्ही बाहेर पायरीवर बसलो असताना, आत्यांचा आवाज आला. सुनेनं रेकॉर्ड करून पाठवला होता. मागे कुकरची शिट्टी. "थोरलीचं नाव द्वारका होतं बरं का. पाच-सहा वर्षांची असेल. आई सांगायची, माळावर झोपडीत असताना तिला घरी राहिलेल्या मांजराचाच घोर. मधला मुलगा. धाकटं तान्हं होतं. त्या दोघांची नावं नाही गं मला ठाऊक. आणि तू थंडीत फिरू नकोस."

भाचीनं ते दोनदा लावलं. मी वही काढली आणि सिएनाचं पान उघडलं. आन्योलोच्या ओळीखाली 'द्वारका' लिहिलं, आणि त्याखाली दोन ओळी कोऱ्या सोडल्या.